वर्षायु फ्लॉक्स



मराठी घरांत फुलाची किंमत फार दिवसांपासून दोन मापांनीं होत आली आहे. एक देवाचें माप व दुसरें वेणीचें. जास्वंद गणपतीला वाहतात, पांढरी कण्हेर शंकराला वाहतात, मोगरा आणि अबोली वेणींत शोभतात, झेंडू तोरणाला लागतो. म्हणून या सर्वांना अंगणांत जागा मिळते. जें फूल या दोन्ही मापांत बसत नाहीं, त्याच्याकडे पाहून घरांतील वडील मंडळी सहज विचारतात, "याचा उपयोग काय?" वर्षायु फ्लॉक्स हें असेंच एक फूल आहे. पूजेच्या तबकांत त्याला स्थान नाहीं. त्याची पाकळी इतकी नाजूक कीं, वेणींत गुंफली तर थोड्याच वेळांत मलूल व्हावी. वास असलाच तर अगदीं मंद. असें असूनहि पुणें, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील बागांतून हिवाळ्यांत फ्लॉक्सचे वाफे दिसतात, आणि पुण्याच्या एम्प्रेस बागेंत दरवर्षीं जानेवारींत जें पुष्पप्रदर्शन भरतें त्यांत हंगामी फुलांच्या रांगांपुढें गर्दी हटत नाहीं. ज्याचा कांहीं उपयोग नाहीं अशा फुलासाठीं माणसें पांच-सहा महिने कां खपतात, आणि इतकें खपूनहि कित्येकांचा वाफा अर्ध्या हंगामांत ओस कां पडतो, या दोन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रथम पाहणें बरें. कारण तें या झाडाच्या जन्मकथेंत दडलेलें आहे. फ्लॉक्स मूळचा इकडचा नव्हे. त्याचें माहेर उत्तर अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत आहे. तेथील रेताड माळांवर तो वसंत ऋतूंत आपोआप उगवतो, फुलतो, बीं टाकतो आणि उन्हाळा तापूं लागला कीं मरून जातो. 'फ्लॉक्स' हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ज्वाला असा आहे. शास्त्रज्ञ या जातीस 'फ्लॉक्स ड्रमंडी' असें म्हणतात. यांतील दुसरा शब्द एका माणसाचें स्मारक आहे, आणि त्या माणसाची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

टॉमस ड्रमंड हा स्कॉटलंडचा रहिवासी. रानोमाळ हिंडून वनस्पति गोळा कराव्या, त्या वाळवून व बीं जमवून विद्वानांकडे व बागांकडे पाठवाव्या, हा त्याचा व्यवसाय. १८२५ ते १८२७ या काळांत फ्रँकलिनच्या उत्तर ध्रुवाकडील भूमिमार्गाच्या सफरीबरोबर तो कानडांतील बर्फांत हिंडला होता. पुढें १८३३ सालीं तो टेक्ससमध्यें उतरला. तेथें उतरतांच पटकीच्या सांथीनें त्याला गांठलें. त्यांतून तो वांचला, तों नद्यांच्या महापुरानें सारा मुलूख पाण्याखालीं गेलेला. अशाहि स्थितींत त्यानें सुमारें एकवीस महिने त्या प्रांतांत काढले आणि ७५० जातींच्या वनस्पति व सुमारें १५० पक्षी यांचे नमुने जमविले. १८३५ च्या आरंभीं फ्लॉक्सचें बीं त्यानें इंग्लंडकडे रवाना केलें व स्वतः क्यूबा बेटाकडे निघाला. त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत हॅव्हॅना येथें त्याचा अंत झाला. तिकडे त्याचें बीं पोहोंचलें, रुजलें आणि त्याच वर्षीं फुललें. ग्लासगो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हूकर यांनीं त्या नव्या फुलास मृत ड्रमंडचें नांव दिलें. बीं धाडणाऱ्यानें त्या बियाचा वाफा कधींच पाहिला नाहीं. पण आज जगांत जेथें जेथें हा फ्लॉक्स लावतात, तेथें तेथें त्याचें नांव घेतलें जातें.

या कथेंतून बागवानानें घ्यावयाची गोष्ट एवढीच कीं, हें झाड रेताड माळाचें आहे. पाय कोरडे, डोक्यावर ऊन आणि भोंवतीं गार हवा, एवढेंच तें मागतें. त्याच्या जोपासनेचे सारे नियम या तीन मागण्यांतून निघतात. आणि ज्याचा फ्लॉक्स मेला, त्यानें यांपैकीं एखादी मागणी पुरविलेली नाहीं असें खुशाल समजावें.

गार हवेची मागणी महाराष्ट्रांत फक्त हिवाळाच पुरवूं शकतो. म्हणून इकडे फ्लॉक्सची पेरणी पावसाच्या उतारावर करावयाची. त्यासाठीं पंचांगांत वेगळा मुहूर्त शोधण्याचें कारण नाहीं. नवरात्रांत घरोघर घट बसतात व घटाभोंवतीं मातींत धान्य पेरलें जातें. तोच काळ फ्लॉक्सच्या बियालाहि मानवतो. देशावर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत केव्हांहि पेरणी करावी. मुंबईकडे व कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पाऊस पुरता थांबून हवेंतील दमटपणा कमी होईपर्यंत वाट पाहावी. तेथें थंडी बेताची, म्हणून बहरहि थोडा आखुड असतो. पण कुंड्यांतून तो साधतो. पेरणीपासून दहा ते बारा आठवड्यांनीं फुलें येतात. म्हणजे घटस्थापनेला पेरलेला फ्लॉक्स संक्रांतीच्या आधीं रंगाला येतो आणि नीट राखला तर होळीपर्यंत टिकतो. सगळें बीं एकदमच न पेरतां अर्धें पंधरा-वीस दिवसांनीं पेरलें, तर एक वाफा थकतांना दुसरा भरांत येतो.

रोपें तयार करण्यास तीन-चार इंच खोलीचें खोकें किंवा पसरट कुंडी पुरे. तळाला भोकें असावींत व त्यांवर खापऱ्या ठेवाव्या. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चाळलेलें जुनें शेणखत व एक भाग वाळू असें मिश्रण करावें. शेणखत पुरतें कुजलेलें असावें. त्यांत वास किंवा ऊब राहिली असेल तर तें रोपांचें विष होय. माती आधीं भिजवून घ्यावी, बोटानें अर्ध्या बोटाच्या अंतरावर बीं विरळ टाकावें आणि वर बारीक मातीचा अगदीं पातळ थर द्यावा. बीं अष्टमांश इंचाहून अधिक खोल जाऊं देऊं नये. या बियाला रुजतांना काळोख आवडतो; म्हणून खोक्यावर ओलसर गोणपाट किंवा जाड कागद झांकावा. मात्र पहिला कोंब दिसतांच झांकण काढलेंच पाहिजे. एक दिवसाचा आळस झाला तरी कोंब काळोखांत ताणून पांढरे पडतात व मग त्यांत जोम येत नाहीं. आठ ते पंधरा दिवसांत उगवण पुरी होते.

येथून धोक्याचा काळ सुरू होतो. आज टवटवीत दिसणारीं रोपें उद्यां सकाळीं जमिनीलगत पिचून आडवीं पडलेलीं आढळतात. माळी याला रोपें कोलमडणें म्हणतात. मातींतील सूक्ष्म बुरशी कोवळ्या देठाला मातीच्या पृष्ठभागाशीं कुजवते, तिचा हा परिणाम. दाट पेरणी, कोंडलेली हवा व सदा ओला राहणारा पृष्ठभाग, या तिहींचा तिला आधार लागतो. म्हणून रोपें विरळावीं, खोकें मोकळ्या हवेंत व सकाळच्या उन्हांत ठेवावें, पाणी बारीक झारीनें सकाळींच द्यावें व वरची माती किंचित् सुकल्यावांचून दुसऱ्यांदा देऊं नये. विरळतांना एक गोष्ट लक्षांत ठेवावी. अनुभवी माळी सांगतात कीं, मिश्र रंगांच्या बियांतील सर्वांत लहान दिसणारीं रोपें टाकून देऊं नयेत. पुष्कळदां उत्तम रंग त्यांतच असतात.

चार-पांच आठवड्यांत रोपांना चार ते सहा पानें आलीं म्हणजे त्यांना कायमच्या जागीं हलवावें. जागा अशी निवडावी कीं, तेथें निदान सहा तास ऊन येईल. जमीन काळी चिकट असेल, तर नुसती खणून भागत नाहीं. तींत वाळू व बारीक मुरूम मिसळावा आणि वाफा भोंवतालच्या जमिनीपेक्षां चार ते सहा इंच उंच बांधावा. दर चौरस वारास एक घमेलें कुजलेलें शेणखत पुरेसें होतें. अधिक खतानें झाड पानांनीं माजतें आणि फुलांस विसरतें. रोप हलविण्याचें काम सायंकाळीं करावें. फ्लॉक्सच्या मुळांना धक्का सोसत नाहीं, म्हणून रोप उपटूं नये. पातळ पट्टीनें मुळाभोंवतींच्या मातीसह अलगद उचलून खड्ड्यांत ठेवावें. ठेंगण्या जातींसाठीं दोन रोपांत आठ इंच व उंच जातींसाठीं दहा ते बारा इंच अंतर राखावें. कुंडींत लावावयाचा असेल तर दहा इंची कुंडींत तीन रोपें सुखानें राहतात. चाळींतील गॅलरी किंवा सदनिकेची गच्ची एवढीच ज्यांची जमीन आहे, त्यांनीं या फुलापासून वंचित राहण्याचें कारण नाहीं. ऊन मात्र पाहिजे.

रोप तीन-चार इंच उंच झालें कीं त्याचा शेंडा नखानें खुडावा. हें करतांना नवशिक्याचा हात अडतो. इतक्या कष्टानें वाढविलेलें रोप तोडावें कसें, असें त्याला वाटतें. परंतु न खुडलेलें रोप एकाच दांड्यावर सरळ वाढतें, वर एक झुबका येतो व झाड वाऱ्यानें लवंडतें. खुडलेलें रोप बुंध्यापासून फुटतें आणि चार-पांच फांद्यांवर फुलतें. आठवडाभराचा उशीर पत्करून महिनाभराचा लाभ होतो.

आतां पाण्याविषयीं. फ्लॉक्स जितका दुर्लक्षानें मरतो, त्याहून अधिक तो मायेनें मरतो. याचें चित्र शहरांतील कोणत्याहि घरीं दिसेल. सकाळीं घरचे यजमान वर्तमानपत्र वाचून झाल्यावर कुंड्यांना पाणी घालतात. दुपारीं शाळेंतून आलेला मुलगा कौतुकानें तांब्याभर ओततो. संध्याकाळीं तुळशीला पाणी घालावयास आलेल्या आजीबाईंना शेजारची कुंडी तहानलेली वाटते आणि उरलेलें पाणी त्याही तिकडे वळवितात. तिघांचेंहि मन चांगलें. पण आठ दिवसांत झाडाचीं खालचीं पानें पिवळीं पडतात. पानें पिवळीं दिसतांच झाडाला पाणी कमी पडलें असा समज होऊन तिघेहि माप वाढवितात, आणि मुळें कुजून झाड बसतें. यावर उपाय सोपा आहे. वाफ्याचा किंवा कुंडीचा भार घरांतील एकाच माणसावर सोंपवावा आणि इतरांनीं केवळ पाहावें. त्या माणसानें बोट अर्धें पेर मातींत घालून पाहावें. ओल लागली तर झारी जागच्याजागीं ठेवावी, कोरडें लागलें तर मुळाशीं सावकाश भरपूर पाणी द्यावें. पानांवर व फुलांवर पाणी ओतूं नये. कळ्या दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनीं भुईमुगाच्या पेंडीचें भिजवलेलें पाणी फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ करून दिलें, तर तेवढें खाद्य पुरतें.

जानेवारी-फेब्रुवारींत पानांवर पिठासारखी पांढरी बुकटी दिसूं लागली, तर ती भुरी होय. गर्दीनें लावलेल्या व सांवलींतील झाडांवर ती आधीं येते. रोगट पानें तोडून दूर टाकावीं आणि पाण्यांत मिसळणारें गंधक दर लिटरला २ ग्रॅम या प्रमाणांत सकाळीं गारव्यांत फवारावें. कडक उन्हांत फवारल्यास पानें करपतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा जमला तर निंबोळीचा अर्क फवारावा. होळीच्या सुमारास पानांवर बारीक फिकट ठिपके व खालीं कोळिष्टक दिसलें, तर तो लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूवर सकाळीं पाण्याचा फवारा मारल्यानें त्याचा जोर मोडतो. खालून वर मारलेला हा फवारा, वर सांगितलेल्या नियमाला एकच अपवाद समजावा.

फुलें येऊं लागल्यावर काम संपलें असें समजणें ही शेवटची व सर्वांत सामान्य चूक होय. झाड माणसासाठीं फुलत नाहीं, बियासाठीं फुलतें. एकदां बीं धरलें कीं त्याचें कार्य झालें व तें वाळण्याच्या मार्गाला लागतें. यास्तव सुकलेले झुबके दर दोन-तीन दिवसांनीं कात्रीनें काढावे. पहिला बहर ओसरतांच सबंध झाड तिसऱ्या हिश्श्यानें छाटावें, पाणी व थोडें पेंडीचें खाद्य द्यावें. कांहीं आठवड्यांत दुसरा बहर येतो.

रंगांच्या बाबतींत या फुलानें शास्त्रज्ञांनाहि विचार करावयास लावलें आहे. टेक्ससमध्यें रानांतील बहुतेक फ्लॉक्स फिकट निळसर रंगाचा असतो. परंतु ज्या भागांत त्याच्या शेजारीं फ्लॉक्सचीच दुसरी एक निळसर जाति उगवते, तेथें ड्रमंडचा फ्लॉक्स गडद तांबडा आढळतो. रॉबिन हॉपकिन्स व मार्क राउशर या संशोधकांनीं २०११ व २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या कामांत याचें कारण दाखविलें. फुलपांखरें एका रंगाच्या फुलावरून शक्यतों त्याच रंगाच्या फुलावर जातात. दोन्ही जाति एकरंगी असत्या, तर पराग एकमेकींत मिसळून वांझोटी संतति वाढली असती. रंग निराळा झाल्यानें हें मिसळणें पुष्कळ कमी झालें. हा फरक घडविण्यास केवळ दोन जनुकांतील बदल पुरला, असेंहि त्यांना आढळून आलें. बागेंतील पांढरा, गुलाबी, किरमिजी, जांभळा व डोळेदार फ्लॉक्स पाहतांना, हा रंग आपल्या डोळ्यांसाठीं नसून एका पांखराच्या सवयीशीं बांधलेला आहे, हें ध्यानीं यावें.

याच कारणानें, घरीं धरलेल्या बियापासून पुढील वर्षीं नेमका मागचाच रंग मिळेल अशी खात्री देतां येत नाहीं. फुलपांखरांनीं रंगांची देवघेव केलेली असते. ज्याला एकच रंग पाहिजे, त्यानें त्या रंगाचीं झाडें इतरांपासून दूर लावावीं किंवा बीं विकत घ्यावें. ज्याला मिश्र रंगांचें कौतुक आहे, त्यानें मात्र बीं अवश्य धरावें. त्यासाठीं चार-पांच निकोप झाडें निवडून त्यांना दोरा बांधून ठेवावा व त्यांची फुलें खुडूं नयेत. बीं बारीक बोंडांत तयार होतें. बोंड वाळून गवती रंगाचें झालें कीं तें एकाएकी तडकतें आणि बीं दूर उडवितें. आज-उद्यां करणाऱ्याच्या हातीं रिकामीं टरफलें लागतात. तेव्हां बोंडें पिवळसर दिसूं लागतांच झुबका कापून कागदी पिशवींत उलटा घालावा व पिशवीचें तोंड बांधून सांवलींत टांगावी. दोन दिवसांत पिशवींतून टिचक्यांचा आवाज येतो, तो लहान मुलांनीं ऐकण्यासारखा असतो. मिळालेलें बीं पाखडून, कागदाच्या पुडींत घालून, पुडीवर तारीख लिहून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें. पावसाळ्याची दमट हवा बियाचा मोठा शत्रु आहे; डब्याच्या तळाशीं कोरडी राख घातल्यास ती ओल ओढून घेते. हें बीं पुढच्या नवरात्रांत पेरून टाकावें. जों जों जुनें होईल तों तों त्याची उगवण घटत जाते.

आतां उरला पहिला प्रश्न, उपयोगाचा. आंब्याचें झाड लावणाऱ्या आजोबांना फळ नातवाच्या हातीं दिसतें. आणि शहरांतील किती घरांना आज आंबा लावण्याइतकी जमीन उरली आहे? फ्लॉक्सला हातभर जागा लागते, आणि बीं, कोंब, रोप, कळी, फूल, बोंड व पुन्हां बीं, हें सबंध आयुष्य तो एका हिवाळ्यांत डोळ्यांपुढें उलगडून दाखवितो. जें मूल घटाच्या दिवशीं बीं पेरतें, त्याच मुलाला त्याच इयत्तेंत असतांना त्या बियाचें बीं हातांत घेतां येतें. शेंडा खुडल्यानें झाड वाढतें, पाणी कमी दिल्यानें तें जगतें, फूल तोडून देवाला न वाहतां झाडावरच राहूं दिलें तरी तें वायां जात नाहीं, या तीन गोष्टी पुस्तकांतून सांगितल्यास पटत नाहींत. वाफ्यांत त्या आपोआप कळतात.

वडील मंडळींसाठींहि त्यांत कांहीं आहे. मार्चच्या उन्हांत वाफा वाळून जातो, काटक्या उपटून खतांत टाकाव्या लागतात, आणि हातीं उरते फक्त बियाची एक लहानशी पुडी. ती पुढच्या नवरात्रीं कोण उघडील, हें पुडीवर तारीख लिहिणाऱ्याला ठाऊक नसतें. ड्रमंडलाहि तें ठाऊक नव्हतें. तरी त्यानें बीं नीट वाळवून, बांधून, वेळेवर धाडलें, आणि म्हणून त्याचें फूल येथवर आलें. एक पुडी स्वतःच्या घरीं ठेवावी व एक शेजाऱ्याला द्यावी. एका घरचा वाफा फसला, तरी दुसऱ्या घरून बीं परत मिळतें. जुने बागवान याच रीतीनें आपलीं फुलें राखीत आले आहेत.